थेरपिस्टलाही कुणीतरी लहानाचं मोठं केलेलं असतं

गावभागवाली · गुरुवार, रात्री ९:४०

लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला. सांगलीतलीच आहे, जुन्या आयडीवरून ओळखणारे इथे पुष्कळ, म्हणून नवा आयडी काढलाय. ओळखलंत तरी गप्प बसा ही विनंती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलं. २०२१ च्या जुलैत परत. त्यानंतर मला एक खोड लागली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे ते दिवसातून तीसचाळीस वेळा फोनवर बघायचं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं, पण मी फेब्रुवारीतही बघायची. नदीत गुडघाभर पाणी आणि मी पातळी बघतेय. शेवटी बहिणीने ओढत समुपदेशनाला नेलं.

पहिल्या बाई फार प्रेमळ. तासाच्या जागी दीड तास व्हायचा, घड्याळ बघायच्या नाहीत. 'कधीही मेसेज कर गं बाळा' म्हणाल्या आणि मी केला. रात्री अकराला केला, पहाटे साडेपाचला केला. त्या उत्तर द्यायच्या. चार महिन्यांत माझं पुलाची पातळी बघणं बंद झालं आणि त्यांच्या निळ्या टिका बघणं सुरू झालं. मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, दोन दिवस उत्तर नाही. मी स्कूटी घेऊन त्यांच्या गल्लीतून दोनदा चक्कर मारली. (हे नवऱ्याला अजून माहीत नाही.) त्यानंतर त्यांची उत्तरं एकेका शब्दाची झाली. 'ओके.' 'बघू.' त्यांचंही काही चुकत असेल हे मनातही आलं नाही. मीच फार चिकटते, असं धरून जाणंच सोडलं.

दुसऱ्या बाई उलट्या. पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. घड्याळ असं ठेवलेलं की दोघींना दिसावं. फोनवर फक्त वेळ बदलायची असेल तर. मे महिन्यात रजेवर जाणार हे तीन आठवडे आधी सांगितलं, तारखा कागदावर लिहून दिल्या. मला इतका राग आला की रजेच्या आधीचं सत्र मी बुडवलं. परत आल्या तेव्हा पहिला प्रश्न पुराचा नाही, झोपेचा नाही. म्हणाल्या, 'मी नव्हते त्या दिवसांचं बोलूया का?' माझ्या पस्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. मी पन्नासपैकी चाळीस मिनिटं रडले.

आता 'अटॅचमेंट स्टाइल'वर वाचतेय, म्हणजे जवळच्या माणसाशी बंध जोडायची ज्याची त्याची तऱ्हा. माझी चिंताळू, हे सांगायला पुस्तक नको. पण पहिल्या बाईंची कुठली होती? थेरपिस्टची स्टाइल असते का आणि तिचा आपल्यावर परिणाम होतो का? जाणकारांनी लिहा.

शंकासुर · ९:५८

पूर्वी विचारायचे रास कोणती, आता विचारतात अटॅचमेंट स्टाइल कोणती. चार खाने पाडायचे आणि माणूस त्यात बसवायचा. कर्क राशीचे हळवे, तसे हे चिंताळू.

बाकी पहिल्या बाई प्रेमाने वागल्या हा गुन्हा झाला का?

मिरजमार्केट · १०:०५

वाचतोय. पंचवीस प्रतिसाद होईपर्यंत शंकासुर शांत होतील अशी आशा.

खुर्ची क्रमांक दोन · १०:५१

मी याच कामात आहे, सांगली-मिरज पट्ट्यातच. धागाकर्तीच्या दोघींपैकी मी नव्हे. मला मेमध्ये रजा परवडत नाही, तेव्हा निकालांचा हंगाम असतो.

@शंकासुर, रास जन्माला चिकटते, हे तसं नाही. मुळापासून सांगते. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ. १९६९ पासून तीन खंडांत त्यांनी मांडलं की मुलाला आईजवळ राहायची ओढ ही दुधाची लाच नसते, जीव वाचवायची निसर्गाचीच सोय असते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये वर्ष-दीड वर्षाच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांचा प्रयोग बसवला. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई. आई बाहेर जाते, परत येते. लोकांना वाटतं बाळ किती रडलं ते मोजायचं. नाही. आई परत आल्यावर बाळ काय करतं, खरी मेख तिथे आहे. काही बाळं धावत बिलगतात, शांत होतात, पुन्हा खेळायला लागतात, ती सुरक्षित. बाकीची असुरक्षित. काही बिलगतात पण शांतच होत नाहीत, एकीकडे चिकटतात, एकीकडे लाथा झाडतात, ती चिंताळू. काही आईकडे बघतही नाहीत, खेळणं फिरवत बसतात, ती टाळणारी. या तिघांत न बसणारी विस्कळीत बाळं नंतरच्या संशोधकांनी वेगळी काढली.

मोठ्या माणसांत खाने पाडायची पद्धत हळूहळू मागे पडली. १९९८ मध्ये छत्तीस विधानांची एक प्रश्नावली आली. ती दोन पट्ट्या मोजते. एक, 'मला सोडून जातील' ही धास्ती किती. दुसरी, जवळीक टाळण्याकडे कल किती. दोन्ही पट्ट्यांवर आपण सगळे कुठे ना कुठे असतो. तुम्हीसुद्धा.

आता धागाकर्तीचा प्रश्न. बोल्बींनी उतारवयात लिहिलं की थेरपिस्टचं पहिलं काम म्हणजे सुरक्षित ठाणं होणं, जिथून माणूस आपल्या दुखऱ्या जागा धुंडाळायला निघेल. पण ठाण्यावर बसलेला माणूसही कुणाचं तरी मूल असतो. १९९४ मध्ये मेरी डोझियर आणि सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या रुग्णांचे केस मॅनेजर तपासले. ज्यांचा स्वतःचा बंध असुरक्षित होता, ते चिकटणाऱ्या रुग्णाच्या मागणीला जास्त धावून जायचे, जास्त हस्तक्षेप करायचे. सुरक्षित असलेले मागणीखालची गरज बघायचे.

रात्री अकराला दिलेलं उत्तर हे मागणीला दिलेलं उत्तर. 'मी नव्हते त्या दिवसांचं बोलूया का' हे गरजेला.

पहिल्या बाईंना नावं ठेवत नाही. त्यांना कदाचित कुणी नाराज झालेलं सोसत नसेल. अशी माणसं देत राहतात, देत राहतात आणि एक दिवस आटतात. समोरच्याला आटलेलं तेवढं दिसतं.

गावभागवाली · १०:५८

'एक दिवस आटतात.' हो. अगदी.

निमूट · ११:२०

बायकोच्या आग्रहाने गेलो होतो. तीनदा गेलो. दर पाच मिनिटांनी 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?' मला काही वाटलं नव्हतं. वडील वारले, दहावा-तेरावा केला, सोमवारी कामावर गेलो. त्यात वाटायचं काय. चौथ्यांदा गेलो नाही.

चालू द्या.

आक्का६२ · शुक्रवार, सकाळी ६:१२

रात्री झोपले म्हणून आत्ता लिहिते. हे सगळं आई-आई-आई चाललंय ते मला कळत नाही. मला आजीने वाढवलं, आत्याने न्हाऊमाखू घातलं, शेजारच्या काकूंनी शाळेत घातलं. आई शेतावर. आमच्या वाड्यात मूल कुणाचं हे रात्री झोपताना ठरायचं. मग आम्ही सगळे असुरक्षित का? विलायतेतल्या एका बाळाला एक आई, त्यांचं शास्त्र त्यांना लखलाभ.

मिरजमार्केट · ८:३०

आक्का +१. आणि दुपारी जेवायला 'बाळ कुठंय' विचारलं की 'असंल कुणाकडंतरी' हे उत्तर.

खुर्ची क्रमांक दोन · १:१५ (डबा खाता खाता)

आक्का, तुमचा आक्षेप जुना आहे आणि रास्त आहे. मजा अशी की बोल्बी स्वतः आईच्या हाताखाली वाढले नव्हते. त्या काळच्या श्रीमंत इंग्रज घरांच्या रीतीने आई दिवसातून तासभर भेटायची, संगोपन दाईचं. ती दाई ते चारेक वर्षांचे असताना घर सोडून गेली आणि आई गेल्यासारखंच ते त्यांना लागलं. म्हणजे सिद्धांताच्या पायथ्याशी आईइतकीच एक दाई आहे. तुमची आजी चालते त्यात. एकापेक्षा जास्त माणसं चालतात, फक्त ती ओळखीची, टिकणारी हवीत.

एन्सवर्थनी पहिलं निरीक्षणसुद्धा बाल्टिमोरच्या आधी, १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलं होतं. आणि तो वीस मिनिटांचा प्रयोग पुढे जपानात साप्पोरोला केला, तर चिंताळू बाळं भरपूर निघाली, टाळणारी जवळजवळ नाहीतच. कारण तिथली बाळं आईला सोडून कधी राहिलेलीच नव्हती, त्यांना तो प्रयोग फारच जड गेला. तेव्हा मोजपट्टी कुठे बनली ते विचारायलाच हवं. आपल्याकडच्या क्लायंटला 'आईशी नातं कसं होतं' एवढंच विचारून मी थांबत नाही. 'रात्री घाबरलात तर कुणाच्या अंथरुणात जायचात?' असं विचारते. उत्तर लगेच येतं.

आक्का६२ · १:४०

आत्याच्या. तिचं लुगडं धरून.

खुर्ची क्रमांक दोन · रात्री १०:०८

@निमूट, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि दिवसभर डोक्यात होता. मी वर लिहिलेली ती आईकडे न बघणारी, खेळणं फिरवत बसणारी बाळं. १९७७ मध्ये संशोधकांनी लिहिलं की अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले असतात. चेहऱ्यावर काही नाही, हातात खेळणं, आत धडधड. 'काही वाटलं नव्हतं' असं माणूस म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला ते तिथवर पोचूच द्यायचं नाही, हे फार लवकर जमवावं लागलेलं असतं. अशा माणसाला दर पाच मिनिटांनी 'कसं वाटलं' विचारणं म्हणजे बंद दार ठोठावत बसणं. तो मागच्या दाराने जाणारच.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. तपशील बदलून सांगते.

तासगावकडचे एक बागायतदार यायचे. व्यापारी पैसे बुडवून पळालेला, झोप नाही, रात्री बागेत फिरायचे. चार सत्रं त्यांनी माझ्याशी फक्त द्राक्षं बोलली. डाऊनी, फवारणी, ऑक्टोबर छाटणी उशिरा झाली तर काय होतं, बेदाण्याला दर काय. मी मनातल्या मनात म्हणत होते, हे मुद्द्यावर कधी येणार. पाचव्या वेळी फेब्रुवारीत आले ते चार किलोची पेटी घेऊन. आत कागद अंथरलेला, एकेक घड सुटा ठेवलेला, मण्यांवरची पांढरी लव कुठेही पुसलेली नाही. म्हणजे देठाला धरून, मण्यांना बोट न लावता भरलेली. बाजारचा माल असा कुणी भरत नाही. म्हणाले, 'घरच्यासाठी ठेवलेल्या वेलीचा हाय मॅडम.'

मी म्हटलं, 'आम्हाला भेटवस्तू घेता येत नाहीत.'

ते 'बरं' म्हणाले. सत्रभर बोलले, जाताना पेटी उचलली, गाडीच्या पुढ्यात पायापाशी ठेवली आणि गेले. सहाव्या वेळी फोन आला, बागेत काम निघालंय. मग फोनही नाही.

माझ्या सुपरवायझरना मी हे नियम पाळल्याची गोष्ट म्हणून सांगितलं. (आम्हीही कुणाला तरी दाखवत असतो आमचं काम, लोकांना हे माहीत नसतं.) त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'नियम होता, की तुला घ्यायला अवघड गेलं?'

आमच्या घरात कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही हे बाळकडू. शेजारून वाटी आली तर रिकामी परत जायची नाही, तीही त्याच दिवशी. आईच्या आजारपणातसुद्धा आम्ही नातलगांना दवाखान्यात थांबू दिलं नव्हतं, 'आमचं आम्ही बघू.' मी याला स्वाभिमान म्हणत होते. भेटीबाबत सरसकट बंदी असा नियम नाहीच, किंमत काय, वेळ कोणती, देण्यामागे काय आहे ते तोलायचं असतं. मी तोललं नाही. चार सत्रं द्राक्षं बोलून त्या माणसाने पाचव्यांदा काय आणलं होतं ते मला दिसलंच नाही. टाळणारे दोघं समोरासमोर बसलो होतो. त्यांच्याकडून एक हात पुढे आला आणि मी नियमावली दाखवली.

शंकासुर · १०:३१

हे वाचून टोमणा मारायची इच्छा गेली. पण शंका आहेच, नावाला जागतो.

तुम्ही दिलेला १९९४ चा अभ्यास केस मॅनेजरांचा. ती माणसं रुग्णाची औषधं, घर, कागदपत्रं बघणारी. खुर्चीत बसून पन्नास मिनिटं बोलणारा थेरपिस्ट वेगळा. एकाचं दुसऱ्याला कसं लावता? आणि थेरपिस्ट सुरक्षित असला की क्लायंट बरा होतो असं सरळ सिद्ध झालंय का?

खुर्ची क्रमांक दोन · १०:५०

पहिली शंका बरोबर, मान्य. दुसरीचं उत्तर, नाही, सरळ नाही. थेरपिस्टच्या एकट्याच्या स्टाइलवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जोडीचं चित्र जास्त बोलकं आहे. १९९९ मध्ये डोझियर यांच्याच गटाने (पुन्हा केस मॅनेजरच, आधीच सांगते) पाहिलं की भावना दाबणाऱ्या रुग्णाचं कमी दाबणाऱ्या मॅनेजरशी चांगलं जमतं. दोघं एकाच बाजूला कललेले असतील तर होडी कलते, एवढंच त्यातून घ्या.

क्लायंटच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. २०१८ मध्ये तीन हजारांवर रुग्णांचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सुरुवातीला जो जास्त सुरक्षित, त्याला थेरपीचा लाभ जास्त. तुम्ही म्हणाल, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. पण त्यातच असंही दिसलं की उपचारांत ज्यांची सुरक्षितता वाढली त्यांचा निकालही चांगला लागला. म्हणजे ती वाढते. राशीचं तसं नसतं.

पंगत · ११:०२

थोडं अवांतर. पुण्यामुंबईच्या लेखांत नसतं ते सांगतो. आपल्या गावात थेरपिस्ट लग्नात भेटते. मिरजेच्या एका कार्यालयात मी जिलेबी वाढत होतो, पुढच्या पानापाशी आलो तर मॅडम. त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. 'एकच बास' म्हणाल्या, जशा अनोळखी वाढप्याला म्हणतात. मला आठवडाभर ते टोचत राहिलं. पुढच्या वेळी भांडलो. तेव्हा कळलं, बाहेर भेटल्यावर ओळख आपण दाखवली तरच त्या दाखवतात, कारण सोबतच्यांनी 'कोण गं हे' विचारलं तर माझी पंचाईत. कारण पटलं. पण हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! त्यांनी चूक कबूल केली, तेव्हापासून नव्या माणसाला आधीच सांगतात म्हणे.

खरं तर ते भांडण झालं म्हणून मी टिकलो. भांडून माणूस तिथेच बसलेला मी घरी कधी बघितला नव्हता. आमच्याकडे भांडण झालं की वडील शर्ट घालून बाहेर पडायचे.

खुर्ची क्रमांक दोन · ११:०९

@पंगत, नातं उसवणं आणि ते दोघांनी मिळून शिवणं, आमच्या कामात यावर स्वतंत्र संशोधन आहे. तुम्ही ते जिलेबीवर केलंत.

मिरजमार्केट · ११:१५

आमच्या घरी तंबोऱ्यांचं काम. गिऱ्हाईक म्हणतं जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडी हवी, दुसरा म्हणतो बंद हवी. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर सरकवला की आवाज पालटतो. आजोबा म्हणायचे, कान गाणाऱ्याचा पण हात माझा, आणि सकाळी माझं डोकं फिरलेलं असलं तर जवारीला हात लावायचा नाही. थेरपिस्ट लोकांना अशी सोय असते का हो? आज डोकं ठिकाणावर नाही, दुकान बंद?

खुर्ची क्रमांक दोन · ११:२२

असायला हवी. नसते. महिनाअखेर असते.

कुपवाडची · शनिवार, सकाळी ९:०५

धाग्याचा विषय सोडून कामाचं विचारते. बरा माणूस ओळखायचा कसा? इथे तीन महिन्यांचा कोर्स करूनही पाट्या लागतात.

खुर्ची क्रमांक दोन · ९:४०

शिक्षण विचारा, लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. मग दोन प्रश्न विचारा, जे कुणी विचारत नाही. 'तुम्ही रजेवर गेलात तर माझं काय?' आणि 'तुमचं काम तुम्ही कुणाला दाखवता?' उत्तर देताना चिडले तर तेही उत्तरच. रात्रीअपरात्री फार झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गावभागवाली · पुढचा गुरुवार, रात्री ९:१५

आज सत्र होतं. हा धागा छापून नेणार होते, नेला नाही. तोंडी सांगितलं. गल्लीतल्या दोन चकरांचंही सांगितलं. मग म्हटलं, तुमच्या रजेचा मला राग आला होता आणि ते सत्र मी मुद्दाम बुडवलं, ताप नव्हता. त्या म्हणाल्या, 'तापाचा मेसेज आला तेव्हा वाटलंच होतं. पण तुम्ही सांगेपर्यंत थांबले.' मी विचारलं, तुम्हाला माझा राग नाही आला? म्हणाल्या, 'थोडी खट्टू झाले होते. मग पुढच्या आठवड्याची वाट बघितली.'

यावर काय बोलायचं ते मला सुचेना. घड्याळात अठ्ठेचाळीस झाले होते. दोन मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बसलो. खाली रिक्षावाले भांडत होते ते ऐकत.

पाऊस आहे आज, पूल किती फुटांवर ते बघितलेलं नाही. खोटं कशाला, एकदा बघितलं.

आक्का६२ · ९:३०

एकदा चालतं. मीही बघते.

निमूट · ११:४४

@खुर्ची क्रमांक दोन, त्या बागायतदाराला तुम्ही नंतर फोन केला का?

खुर्ची क्रमांक दोन · ११:५२

केला. तीन महिन्यांनी. मी पेटीबद्दल बोलले, माझं चुकलं असं म्हटलं. ते म्हणाले, 'आवो त्यात काय एवढं.' मग वीस मिनिटं एप्रिल छाटणीचं सांगत होते. या वेळी मी ऐकलं. आले मात्र नाहीत परत.

निमूट · १२:१०

व्यनि (खासगी निरोप) केलाय. घाई नाही.